लाकूड कोण खातं?

बाळांनो, मे महिना सरत आला की गावोगाव झाडांच्या फांद्या छाटतात. वादळवाऱ्यात विजेच्या तारांवर पडू नयेत म्हणून. रस्त्याकडेला टहाळांचे ढीग लागतात, चार दिवस वाळतात आणि मग कोणीतरी काडी लावून मोकळं होतं. मला तो धूर बघवत नाही. त्या ढिगात कोणाकोणाचं जेवण जळतं, ते आज सांगतो.

आधी एक प्रश्न. लाकूड कोण खातं? गाय पाला खाते, शेळी कोवळी साल ओरबाडते. पण वाळक्या फांदीचा तुकडा त्यांच्यापुढे टाका, हुंगूनही बघणार नाहीत. आता गंमत अशी की लाकडात खाण्यासारखं भरपूर असतं. त्याचा जवळपास निम्मा भाग असतो सेल्युलोज. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच, आणि सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. साखळी तुटली की साखर मोकळी. पण झाडानं या साखळ्यांभोवती लिग्निन नावाचा चिवट पदार्थ भरून ठेवलेला असतो. त्याच्याच जोरावर साग शंभर फूट उंच उभा राहतो. सेल्युलोजचे सगळे जोड एकसारखे, त्यामुळे एक जोड सोडवता आला की सगळे सुटतात. लिग्निनचे जोड मात्र नाना तऱ्हेचे आणि कसेही जुळलेले. त्याला हात कुठे घालायचा हेच कळत नाही.

फार फार पूर्वी, म्हणजे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, दलदलीतल्या जंगलांत प्रचंड झाडं पडत होती आणि पुरती कुजत नव्हती. एकावर एक थर चढले, दाबले गेले आणि त्यांचा दगडी कोळसा झाला. आपल्या चंद्रपूर-वणीकडचा कोळसा त्यानंतरचा, तरी २५ कोटी वर्षांहून जुना. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांचा तो अवशेष. दलदलीतली ती सर्वांत जुनी झाडं का कुजली नाहीत, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. कोणी म्हणतं, दलदलीच्या पाण्यात प्राणवायू नव्हता. कोणी म्हणतं, लिग्निन खाणारा जीव तेव्हा जन्माला यायचा होता. २०१२ साली अनेक बुरशींचे जनुक ताडून पाहिले, तेव्हा लिग्निन फोडण्याची ही करामत बुरशींच्या एका घराण्यात ३० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आली असावी असा हिशेब निघाला.

म्हणजे उत्तर मिळालं ना? लाकूड खाते ती बुरशी!

तिच्यात दोन जाती ठळक. एक फक्त सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे सोडते. अशा लाकडाचे तांबूस, चौकोनी, बोटांनी चुरडणारे तुकडे उरतात. दुसरी जात लिग्निनच फोडते, आणि तिनं खाल्लेलं लाकूड पांढरट, धाग्याधाग्यांचं दिसतं. ही दुसरी फार हुशार. ती स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. जखम धुताना फेस येतो ना, तेच ते. त्याच्या मदतीनं तिचं एक विकर लिग्निनमधून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतं आणि तो किल्ला आतून कोसळतो. हे विकर माणसाला सापडलं १९८३ साली, अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांना जवळजवळ एकाच वेळी.

आता बागेत या. छाटलेल्या फांद्यांच्या ढलप्या करून झाडाच्या आळ्यात पसरल्या. एक-दोन पाऊस झाले. ढलपी उचलून पाहा, खाली पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसेल. घाबरून औषध फवारू नका. तेच कवकतंतू, लाकूड खाणारे.

पण त्यांची एक अडचण असते. भाकऱ्यांची उंच चळत पुढ्यात आहे आणि कालवण बोटभर, असं त्यांचं ताट. लाकडात नत्राच्या एका भागाला कर्बाचे चारशेच्या आसपास भाग असतात. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या स्वतःच्या अंगात हे प्रमाण एकास आठ. मग कालवणाची वाटी घेऊन शेजारी जावं लागतं, म्हणजे मातीतून नत्र ओढून घ्यावं लागतं. म्हणून भुसा किंवा ढलप्या मातीत कालवल्या तर रोपं पिवळी पडतात, आणि लोक म्हणतात, लाकूड वाईट. वाईट काही नाही. वरती पसरलेल्या ढलप्या मातीला टेकतात तेवढ्याच पातळ थरात ही ओढाताण चालते. मोठ्या झाडांची मुळं त्याच्या खाली असतात, त्यांना धक्का लागत नाही. उलट बुरशी मेली की तिनं घेतलेलं नत्र मातीला परत मिळतं. जंगलात कोण नांगरतं? तिथे लाकूड वरच पडतं आणि वरूनच खाली झिरपतं.

बारीक फांद्या आणि जाड खोड यांतही मोठा फरक आहे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १९७०च्या दशकापासून एडगर गे आणि पुढे लाव्हाल विद्यापीठाचे जिल लमिये यांनी बारीक फांद्यांच्या ढलप्यांवर काम केलं. त्यांचा दंडक होता, फांदी ७ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. झाडाचं नत्र, स्फुरद, पालाश कोवळ्या फांद्यांतच जास्त असतं, खोडाच्या गाभ्यात फार थोडं. आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे फार आधीपासून ठाऊक आहे. भाताच्या रोपांची जागा भाजायला, म्हणजे राबासाठी, तो ऐन-किंजळीच्या कोवळ्या फांद्यांची कवळं तोडतो, खोड नाही. तो ती भाजतो, कारण त्यानं तणाचं बी मरतं आणि राखेतून पालाश लगेच मिळतं. मात्र कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातं. घरच्या बागेत भाजण्याची काही गरज नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर प्रयोग परिवारातून लोकांना हेच सांगत असत की पालापाचोळा आणि उसाचा चोथा हा कचरा नव्हे, त्यातूनच माती घडते.

सालीची गोष्ट थोडी निराळी. साल म्हणजे झाडाचं चिलखत. तिच्यात सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो, पाणी आरपार जाऊ न देणारा. शिवाय टॅनिन असतं. बाभळीच्या सालीनं कातडी कमावतात ती या टॅनिनमुळेच. म्हणून साल कुजायला वेळ घेते आणि तिचे मोठे तुकडे बरेच दिवस टिकतात, पण पाणी कमी धरतात. शोभेसाठी साल उत्तम. मातीचं पोषण करायचं असेल, तर माझं मत फांद्या, साल, पानं अशा मिसळीच्या बाजूनं.

आता सांगतो सगळ्यात आवडता भाग. पावसाचा टपोरा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं खाली येतो. उघड्या मातीवर आदळला की मातीचे कण दोन फूट वर उडवतो, कण मोकळे होतात आणि वाहून जातात. ढलप्यांचा थर हा मार स्वतः झेलतो. आणि त्याच ढलप्यांवर एक बुरशी उगवते जी या थेंबाची वाटच बघत असते! करंगळीच्या नखाएवढे तिचे पेले. प्रत्येक पेल्यात चपट्या, काळसर गोळ्या, जणू घरट्यातली अंडी. तिचं शास्त्रीय नाव सायॅथस. पेल्याच्या भिंतींचा उतार असा नेमका असतो की थेंब आत पडताच पाणी कडेनं उसळतं आणि गोळी मीटरभर लांब भिरकावली जाते. गोळीमागे बारीक दोरी उलगडते, तिचं टोक चिकट. वाटेत गवताची काडी लागली की टोक चिकटतं, दोरी काडीभोवती गुंडाळते आणि गोळी लटकून राहते. ते गवत गुरानं खाल्लं तर शेणातून गोळीतले बीजाणू नव्या जागी पोचतात. कॅनडातल्या हॅरॉल्ड ब्रॉडी या संशोधकानं आयुष्याचा मोठा काळ या इवल्या पेल्यांना दिला आणि १९७५ साली त्यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. मला त्या माणसाचा हेवा वाटतो.

आणि वाळवी? ढलप्या म्हटलं की घरातले मोठे पहिल्यांदा तेच विचारतात. आपल्या मातीतली बरीचशी वाळवी मेलेलं लाकूड, वाळका पालापाचोळा यांवरच जगते. वारूळ बांधणाऱ्या वाळवीची तर स्वतःची शेती असते. चावलेल्या लाकडाचे गाळे रचून ती त्यांवर बुरशी वाढवते. म्हणजे लिग्निन फोडायचं काम इथेही बुरशीचंच! पावसाळ्यात वारुळातून वर येणारी पांढरी अळंबी, गोव्यात जिला अळमी म्हणतात, ती या शेतीचं फळ. वाळवीशिवाय ती शेतात पिकवणं माणसाला जमलेलं नाही. तरी घराच्या भिंतीला आणि लाकडी चौकटीला लागून ढलप्या टाकू नका, तिथे वाळवीला आमंत्रण कशाला द्यायचं?

तर यंदा छाटणी झाली की सोसायटीच्या काकांना, ग्रामपंचायतीच्या माणसाला सांगा, काडी लावू नका, ढीग आम्हाला द्या. बारीक तुकडे कोयत्यानं मोठ्या माणसांकडून करून घ्या. जमिनीवर दोन ते चार इंच थर द्या, कुंडीत इंचभर पुरे. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओल साचून खोडाची साल कुजते. प्लायवूड, रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड अजिबात घालू नका, त्यातली रसायनं मातीत उतरतात. थर खाली बसला की दरवर्षी वरून नवा घाला. मातीत मात्र कालवू नका.