निकामी बॅटरी भंगारात नको : छोट्या व्यावसायिकांसाठी सुरक्षित विल्हेवाटीचे नियम

गोव्यात पावसाळा सुरू झाला की वीज खंडित होण्याचे प्रकार वाढतात. त्यामुळे किराणा दुकान, दवाखाना, उपाहारगृह अशा जवळपास प्रत्येक ठिकाणी इन्व्हर्टर असतो. त्याची बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि बहुतेकदा दारावर येणाऱ्या भंगारवाल्याच्या हाती जाते. अधिकृत विक्रेत्यापेक्षा तो थोडे अधिक पैसे देतो, हे त्यामागचे कारण. मात्र हे अधिकचे पैसे येतात कुठून, याचा विचार क्वचितच होतो.

इन्व्हर्टर आणि वाहनांच्या बहुतांश बॅटऱ्या शिसे-आम्ल प्रकारच्या असतात. त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा शिशाचा असतो. उरलेल्यात प्रामुख्याने गंधकाम्लाचे पाणी आणि प्लॅस्टिकचे कवच असते. परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राला आम्लावर प्रक्रिया करण्याचा आणि धूर रोखणाऱ्या यंत्रणेचा खर्च करावा लागतो. विनापरवाना काम करणारा बॅटरी फोडून आम्ल जमिनीवर ओततो आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवतो. त्याचा वाचलेला खर्च म्हणजेच आपल्याला मिळालेला जादा भाव. गोव्यातील जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र असल्याने असे सांडलेले द्रव्य खाली झिरपून विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायदा काय सांगतो?

पूर्वीचे २००१ चे नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते मर्यादित होते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये लागू केलेले बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांना लागू आहेत. त्यात घड्याळातील बटण सेलपासून विजेवरील वाहनांच्या बॅटऱ्यांपर्यंत सर्व काही येते. निकामी बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठविण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. वापरणाऱ्यानेही बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता ती संकलन, दुरुस्ती किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेकडेच सोपविली पाहिजे. बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचे जे चिन्ह असते, त्याचा अर्थ हाच.

दुकानात घ्यावयाची काळजी

शिसे-आम्ल बॅटरी नेहमी उभी ठेवावी. तिच्याखाली प्लॅस्टिकचा खोलगट ट्रे असावा. ती पावसात किंवा उघड्यावर ठेवू नये आणि वजन कमी करण्यासाठी आतील आम्ल कधीही ओतू नये. आम्ल सांडल्यास हातमोजे व चष्मा घालून त्यावर खाण्याचा सोडा टाकावा. त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत धोका वेगळा असतो. लिथियम बॅटरीतील द्रव ज्वालाग्राही असतो. ती टोचली, दाबली गेली किंवा तिची दोन टोके धातूला एकत्र टेकली, तर ती पेट घेऊ शकते. कचरागाडीत दाबली गेलेली एक छोटी बॅटरीही आगीला पुरेशी ठरते. म्हणून काढलेल्या प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि त्या कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात. फुगलेली बॅटरी दाबू वा भोसकू नये. ती कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात, इतर बॅटऱ्यांपासून दूर ठेवावी. आग लागल्यास दुकान रिकामे करून अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे.

द्यायची कोणाकडे?

नवी बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्याला परत करून किमतीत सूट घेणे, हा सर्वांत सोपा मार्ग. जुनी बॅटरी जमा केल्याची नोंद पावतीवर करून घ्यावी आणि ती पावती जपून ठेवावी. लहान बॅटऱ्या साठल्यावर एकत्रितपणे नोंदणीकृत संकलकाकडे द्याव्यात. पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची नोंदणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होते. त्यामुळे शंका असल्यास गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करता येते. बाजारपेठेतील दुकानदारांनी मिळून एकच संकलन डबा ठेवला, तर वाहतुकीचा खर्चही वाटला जाईल.

शिसे पुनःपुन्हा वितळवून वापरता येणारा धातू आहे. योग्य हाती गेलेली जुनी बॅटरी नव्या बॅटरीचा कच्चा माल ठरते. चुकीच्या हाती गेली, तर तिची किंमत आपल्याच गावची विहीर मोजते.