परळीचा कागद शोधताना

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उघडली. त्यांत उर्दू आणि मोडी कागद पुष्कळ. एका नोंदीवर एखाद्या घराचा दाखला अवलंबून असतो. असे कागद संगणकात गेले की काम झाले, असा समज आहे. पण कागदाचे नुसते छायाचित्र ठेवले, तर साधी शोध-आज्ञा त्याच्या आत डोकावत नाही. छायाचित्राशेजारी कोणीतरी भरलेले गाव, जिल्हा, सन, विषय एवढेच ती चाळते.

ही आज्ञा बहुधा 'एसक्यूएल' या भाषेत लिहिलेली असते. माहिती तक्त्यांत मांडावी ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेली ही भाषा चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएममध्ये तयार केली. 'काय हवे' एवढेच सांगायचे. 'कसे शोधावे' हे यंत्र ठरवते. समजा, 'कागद' नावाचा तक्ता आहे. आज्ञा अशी :

सिलेक्ट क्रमांक, सन फ्रॉम कागद व्हेअर गाव = 'परळी'

(आज्ञेतील शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकतात, येथे आम्ही ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत.)

या आज्ञेला 'परळी वैजनाथ' असे भरलेला कागद सापडणार नाही, कारण बरोबरीचे चिन्ह अक्षरन् अक्षर जुळवते. म्हणून 'लाइक' वापरतात. त्यात टक्क्याचे चिन्ह म्हणजे 'येथे काहीही चालेल'. 'पर%' लिहिले तर परळीबरोबर परभणी, परतूर आणि परंडाही येतात. '%परळी%' अधिक नेमके.

अधोरेषा '_' म्हणजे नेमके एक अक्षर. पण कोणाचे अक्षर? आपल्या डोळ्यांना परळीत तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये प, र, ळ आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे साठवली जातात. त्यामुळे बहुतेक प्रणालींत 'पर_' लिहून परळी मिळत नाही, 'पर__' लिहावे लागते. शुद्धलेखन शिकवताना मात्रा सुटी करून दाखवणाऱ्या शिक्षकांना हे लवकर पटेल.

आता देवस्थानाचा कागद शोधू. रेल्वे स्थानकाचे नाव 'परळी वैजनाथ', पण गावातले महाविद्यालय 'वैद्यनाथ'. दोन्ही रूपे रूढ आहेत, आणि नोंद करणाऱ्याने कोणते लिहिले ते आपल्याला ठाऊक नसते. '%वै%नाथ%' ही युक्ती हुशारीची वाटते, पण तिच्या जाळ्यात 'वैद्य रघुनाथ' नावाच्या गृहस्थाचा कागदही अडकतो! त्यापेक्षा दोन्ही रूपे 'ऑर'ने जोडून लिहिणे आम्हांला बरे वाटते. जुन्या श्रीलिपीसारख्या टंकात भरलेल्या नोंदी मात्र यातल्या कशालाच दाद देत नाहीत. पडद्यावर परळीच दिसते, आत साठवलेले संकेत वेगळे असतात. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतात.

खरी मेख पुढे आहे. सज्जनगडाच्या पायथ्याशी, साताऱ्यातही एक परळी आहे. ती वगळावी म्हणून आपण 'अँड जिल्हा = बीड' जोडतो. साताऱ्याचे कागद जातात, पण त्यांच्याबरोबर ज्यांच्यापुढे जिल्हा भरलेलाच नाही असे कागदही जातात. कोऱ्या रकान्याला एसक्यूएल 'नल' म्हणते. नलची कशाशीही तुलना केली की उत्तर 'होय' नसते, 'नाही'ही नसते, 'अज्ञात' असते. आणि व्हेअरमधून फक्त 'होय' पुढे सरकते. जुना, फाटका, अर्धवट वाचता आलेला कागदच बहुधा असा कोरा राहतो, आणि नेमका तोच हवा असू शकतो. म्हणून लिहावे :

व्हेअर गाव लाइक '%परळी%' अँड (जिल्हा = 'बीड' ऑर जिल्हा इज नल)

कंस विसरू नये. 'अँड' हा 'ऑर'च्या आधी बांधला जातो. कंस नसेल तर कोऱ्या जिल्ह्याचा सगळ्या गावांचा ढीग समोर येईल.

हे वर्गात संगणकाशिवायही करता येते. मुलांना गाव-जिल्ह्याच्या चिठ्ठ्या वाटाव्यात, एकीवरचा जिल्हा कोरा ठेवावा. 'जिल्हा बीड असलेले उभे राहा' म्हटले की कोरी चिठ्ठीवाला बसून राहील. 'बीड नसलेले उभे राहा' म्हटले तरी या भाषेच्या नियमाने त्याला बसूनच राहायचे आहे. त्यावर मुलांना भरपूर भांडू द्यावे.