राधाबाईंच्या माहेरी एक दिवस

"एकटीच?" हा प्रश्न आपल्याकडे बाईला जितक्या वेळा विचारतात, तितक्या वेळा "जेवलीस का?" हेसुद्धा विचारीत नसतील. बाजार, दवाखाना, लग्नकार्य यांसाठी ती एकटी गेली तर चालते. नुसते काही पाहायला म्हणून निघाली, की घरादाराच्या भुवया वर चढतात. आमच्याही घरी चढल्या. मुलगा म्हणाला, "आई, मी मोटार ठरवून देतो." सूनबाई म्हणाल्या, "रविवारी सगळेच जाऊ या ना!" मी मात्र भाद्रपद सरता सरता एका बुधवारी पिशवीत दशम्या आणि पाण्याची बाटली घालून बाहेर पडले.

जायचे होते सिन्नरजवळच्या डुबेऱ्याला. हे बर्व्यांचे गाव. बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई यांचे माहेर. पहिले बाजीराव जन्मले ते इथेच, १८ ऑगस्ट १७०० रोजी.

कल्याणला सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडली. कसाऱ्याला मागून जादा इंजिने लागली आणि गाडी थळ घाट चढली. नाशिकरोडहून सिन्नरला एस.टी. केली. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची सबबही उरली नाही! सिन्नरला यादवकालीन गोंदेश्वराचे दर्शन घेतले. मध्ये शिवालय आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे, अशी त्याची ऐसपैस मांडणी. तिथून डुबेरे दहा-बारा किलोमीटर.

बर्व्यांचा वाडा अजून उभा आहे. बाजीरावांच्या जन्माची म्हणून जी खोली दाखवतात, तिच्या उंबऱ्याशी मी बराच वेळ उभी राहिले. उभे आयुष्य ज्याने घोड्यावर काढले आणि १७४० साली नर्मदाकाठी रावेरखेडीला देह ठेवला, त्याचे पहिले रडणे या भिंतींनी ऐकले!

गावामागे डुबेरगड. पायऱ्या आहेत, दम लागला की बसावे, वारा खावा, पुन्हा चढावे. "बसलीस काय?" म्हणायला कोणी नसते, हे एकटीच्या प्रवासाचे खरे सुख. माथ्यावर सप्तशृंगीचे देऊळ आणि पाण्याची खोदीव टाकी आहेत. जुने बांधकाम फारसे उरलेले नाही. पण समोर हिरव्या डोंगरांच्या रांगा! त्यांतच पट्टा किल्ला. जालन्याच्या स्वारीहून परतताना १६७९ साली शिवाजी महाराज तिथे विसावले, म्हणून तो विश्रामगड.

दशमी खाताना मात्र डोळ्यांपुढे राधाबाईच होत्या. १७३५ साली त्या काशीयात्रेला निघाल्या, त्या परतल्या १७३६ मध्ये. उदयपूर, जयपूरच्या राजांनी त्यांचा मान राखला. बरोबर मोठा लवाजमा होता, आणि पाठीशी मुलाच्या तलवारीचा धाक. एवढे असले, तरच तेव्हा बाईला वाट मोकळी होई. माझ्या पाठीशी रेल्वेचे वेळापत्रक आणि सिन्नरच्या एस.टी.तल्या वाहकाचे "मावशी, सांभाळून उतरा" एवढेच होते. तेवढे पुरले.

भगिनींनो, दिवाळीची धांदल संपली की असा एक दिवस स्वतःसाठी बाजूला काढा. उन्हाआधी चढा, पाणी बरोबर घ्या. वाड्यात माणसे राहतात, तेव्हा विचारूनच आत जा. नाशिकरोडला संध्याकाळची गाडी मिळते. रात्रीच्या जेवणाला घरी पोचता येते. पाने मात्र त्या दिवशी घरच्यांना वाढू द्या!