फेरतपासणी (भाग ५) : २०१८, पहिले पाच आणि बाकीचे

हा भाग २०१९ च्या उन्हाळ्यात लिहायला घेतला असता, तर दोन परिच्छेदांत आटोपला असता. एनबीएच्या त्या हंगामातल्या नवोदितांचा सर्वोत्तम संघ जाहीर झाला, त्यात डिआन्ड्रे एटन, मार्विन बॅग्ली, लुका डॉन्चिच, जॅरेन जॅक्सन ज्युनिअर आणि ट्रे यंग होते. वर्षभरापूर्वीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाच क्रमांकांवर पुकारलेली नावं नेमकी हीच. निवड करणाऱ्यांनी एकमेकांची पाठ थोपटावी असाच निकाल होता. पण पुढे त्या पाचांपैकी एक जण सहा-सात वर्षांत चार संघांच्या दारात जाऊन आला, एकाला पहिल्या क्रमांकाचं ओझं कधीच पेलवलं नाही, आणि त्या ड्राफ्टमधून निघालेला पहिला एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, पहिल्या दहांतसुद्धा नव्हता.

लेखमालेत नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या खिशात पैसा त्याची बोली चालते. ड्राफ्टमध्ये पैसा चालत नाही, पाळी चालते. दोन फेऱ्या, मिळून साठ नावं. आदल्या हंगामात प्लेऑफला न पोहोचलेल्या चौदा संघांत सोडत निघते आणि कमकुवत संघाला वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार क्रमांकानुसार आधीच ठरलेला असतो आणि साधारण चार वर्षं तो संघाच्या हातात राहतो. ही चार वर्षं लक्षात ठेवा, पुढे माझं सगळं म्हणणं त्यांच्यावरच उभं आहे.

मागे वळून क्रमवारी लावताना बहुतेक जण आजच्या कामगिरीप्रमाणे नावं उतरत्या क्रमाने मांडतात आणि वरच्या संघांना हसतात. त्यात करमणूक आहे, पण कळत काहीच नाही. मला त्यापेक्षा एक वेगळा फरक महत्त्वाचा वाटतो. काही निवडी चुकतात, कारण पुरावा समोर असूनही कुणी पाहत नाही. काही चुकतात, कारण त्या दिवशी पुरावाच नसतो. दोन्हींना एकाच मापाने मोजलं तर फीनिक्स, सॅक्रामेंटो आणि शार्लट एकाच रांगेत उभे राहतात, आणि ते अन्यायाचं आहे.

पुरावा समोर असल्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण डॉन्चिच. स्लोव्हेनियाचा हा मुलगा तेराव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये गेला, सोळाव्या वर्षी मोठ्या संघातून खेळला. २०१७ च्या सप्टेंबरात स्लोव्हेनियाने युरोबास्केट जिंकलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि संघातला बिनीचा खेळाडू होता. २०१८ च्या मे महिन्यात रेआल माद्रिदने बेलग्रेडला युरोलीग जिंकली. हंगामाचा एमव्हीपी तो आणि अंतिम चौघांच्या स्पर्धेचाही तोच. १९ जूनला त्याने स्पॅनिश लीगचं विजेतेपद मिळवलं आणि २१ जूनला ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये ड्राफ्टच्या हिरव्या खोलीत सूट घालून बसला. एनबीएखालोखाल जगातली जी सर्वांत कठीण स्पर्धा, ती पोक्त पुरुषांमध्ये खेळून त्याने एकोणिसाव्या वर्षी खिशात घातली होती. यापेक्षा जास्त पुरावा म्हणजे काय हवा होता?

आक्षेप ठरलेले होते. पाय मंद आहेत, उडी नाही, वजन सांभाळेल का, अमेरिकेतल्या वेगाला पुरेल का. अमेरिकन कॉलेजात एक वर्ष खेळलेल्या मुलांना हे प्रश्न विचारले जातात, पण त्यांच्याविरुद्ध वापरले जात नाहीत.

पहिली पाळी फीनिक्स सन्सची. त्यांनी एटन घेतला: सात फूट एक इंच, ॲरिझोना विद्यापीठात सरासरी २०.१ गुण आणि ११.६ रिबाउंड, शिवाय शाळाही फीनिक्समधलीच. घरचा मुलगा. डेव्हिन बुकर आधीच होता, त्याच्या जोडीला उंच माणूस हवा, हा हिशेब कागदावर सरळ आहे. गंमत अशी की सन्सनी नुकताच नेमलेला प्रशिक्षक होता इगोर कोकोश्कोव, म्हणजे ज्याच्या हाताखाली डॉन्चिच युरोपचा विजेता झाला तोच माणूस. डॉन्चिचला आतून-बाहेरून ओळखणारा प्रशिक्षक पगारावर ठेवून संघाने डॉन्चिच सोडला. कोकोश्कोवला एका हंगामानंतर नारळ मिळाला. त्या हंगामात सन्स १९ सामने जिंकले आणि ६३ हरले.

तरीही एटनवर मी कठोर होणार नाही. २०२१ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतला दुसरा सामना आठवा. क्लिपर्स एका गुणाने पुढे, घड्याळावर ०.९ सेकंद. जे क्राउडरने सीमेबाहेरून चेंडू थेट रिंगेच्या तोंडाशी टाकला, एटनने तो हवेतच झेलून आत दाबला. १०४-१०३. त्या वर्षी सन्स अंतिम फेरीत पोहोचले आणि मिलवॉकीकडून हरले. पहिल्या क्रमांकाच्या निवडीने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेण्यात हातभार लावला, असं फार थोड्या संघांना म्हणता येतं. पुढे बिनसलं. २०२२ मध्ये इंडियानाने त्याच्यापुढे चार वर्षांचा सुमारे १३.३ कोटी डॉलरचा करार ठेवला, सन्सनी नाराजीनेच त्याची बरोबरी केली आणि पुढच्या वर्षी त्याला पोर्टलंडला पाठवून दिलं. २०२५ मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्समध्ये दाखल झाला, तोवर तिथे पोहोचलेल्या डॉन्चिचचा सहकारी म्हणून. नियतीला कधीकधी विनोद फार ढोबळ सुचतात.

खरी चूक दुसऱ्या पाळीवर झाली. सॅक्रामेंटो किंग्ज सोडतीआधी सातव्या जागी होते, नशिबाने दुसऱ्यावर आले. त्यांच्या कारभाराची सूत्रं व्लादे दिवाक यांच्याकडे, म्हणजे युरोपातून येऊन एनबीएत नाव काढलेल्या पहिल्या पिढीतल्या सर्बियन खेळाडूकडे. युरोलीगमधल्या एमव्हीपीची किंमत अमेरिकेत कुणाला कळायला हवी, तर यांनाच. किंग्जकडे डिॲरन फॉक्स हा चेंडू चालवणारा होता, म्हणून त्यांना दुसरा चेंडू चालवणारा नको होता. गरज पाहून निवड करायची की गुण पाहून, हा ड्राफ्टमधला जुना वाद आहे, पण तळाला पडलेल्या संघाला गरजेची भाषा शोभत नाही. त्याला सगळ्याचीच गरज असते. बॅग्ली ड्यूकमधून आला, पहिल्या वर्षी बरा खेळला, मग दुखापती, मग कुरबुरी, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये डेट्रॉइटला रवानगी. किंग्जचे मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते त्यांच्याच संघाचे, इंडियाना पेसर्सविरुद्ध. तिकीट काढून आलेल्या मुंबईकरांना बॅग्लीचा संघ पाहायला मिळाला. थोडं डोकं चाललं असतं तर डॉन्चिचचा मिळाला असता.

तिसऱ्या पाळीवर अटलांटा हॉक्सनी डॉन्चिचचं नाव पुकारलं आणि त्याच रात्री त्याला डॅलसला देऊन टाकलं. बदल्यात पाचव्या क्रमांकाचा ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीची एक पहिल्या फेरीची पाळी, जिच्यातून कॅम रेडिश आला. हा सौदा नुकसानीचा होता यात शंका नाही, पण वेडेपणाचा नव्हता. यंगने ओक्लाहोमा विद्यापीठात एकाच हंगामात देशात सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक असिस्ट केले होते, २७.४ आणि ८.७. त्याच्याही बाजूने पुरावा होता. २०२१ मध्ये त्याने हॉक्सना पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत नेलं. डॉन्चिच मात्र दुसऱ्या हंगामापासून सलग पाच वर्षं एनबीएच्या पहिल्या सर्वोत्तम संघात राहिला आणि २०२३-२४ मध्ये ३३.९ च्या सरासरीने गुणांत अव्वल आला.

आता दुसऱ्या जातीची चूक, जिला मी चूकच म्हणत नाही. अकरावी पाळी शार्लट हॉर्नेट्सची. त्यांनी कॅनडाच्या शाई गिल्जस-अलेक्झांडरचं नाव घेतलं आणि बाराव्या क्रमांकाचा माइल्स ब्रिजेस व दुसऱ्या फेरीच्या दोन पाळ्यांच्या मोबदल्यात त्याला क्लिपर्सकडे पाठवलं. आज हे वाचून शार्लटमधले लोक कपाळ बडवत असतील. पण त्या रात्री समोर काय होतं? केंटकीत हंगामाच्या सुरुवातीला राखीवांत बसणारा सडपातळ मुलगा, शेवटी सरासरी १४.४ गुण. चांगला, हुशार, लांब हातांचा. एमव्हीपी? तसं कुणीच म्हणत नव्हतं. क्लिपर्सही नाही, कारण २०१९ च्या जुलैत पॉल जॉर्जसाठी त्यांनी त्याला ओक्लाहोमा सिटी थंडरला दिलं, सोबत पहिल्या फेरीच्या पाच पाळ्या.

त्याची गुणांची सरासरी वर्षागणिक पाहा: १०.८, १९.०, २३.७, २४.५, ३१.४, ३०.१, ३२.७. चौथ्या आणि पाचव्या आकड्यांमधली उडी बघा. त्याआधीची दोन वर्षं थंडर जवळजवळ ठरवून हरत होते: ७२ पैकी २२ विजय, मग ८२ पैकी २४. हरणाऱ्या संघात चेंडू त्याच्या हातात, चुका करायला मुभा, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ओरड नाही. असं अंगण प्रत्येकाला मिळत नाही. २०२४-२५ मध्ये त्याच संघाने ६८ सामने जिंकले, विजेतेपद मिळवलं, आणि शाई गुणांत अव्वल, हंगामाचा एमव्हीपी, अंतिम फेरीचाही एमव्हीपी झाला. हाच मुलगा २०१८ मध्ये फीनिक्सला पहिल्या क्रमांकावर गेला असता, तर बुकरशेजारी कोपऱ्यात उभा राहून चेंडूची वाट पाहत असता असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. पण फेरतपासणी करणाऱ्या कुठल्याच यादीत ही शक्यता धरलेली नसते.

तेहेतिसावा जेलन ब्रन्सन या दोन्हींच्या मधे बसतो. व्हिलानोव्हाकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदं, २०१८ चे कॉलेजमधले सर्वोत्तम खेळाडूचे मोठे पुरस्कार. पुरावा ढीगभर होता. पण तो कॉलेजात तीन वर्षं राहिला, बाविशीला टेकला होता आणि उंची सहा फूट दोन इंच. एकोणीस वर्षांच्या मुलात संघ भविष्य बघतात, बाविशीच्या मुलात फक्त वर्तमान. त्यामुळे ज्याला खेळता येतं हे सिद्ध झालंय तो मागे पडतो. डॅलसने त्याला डॉन्चिचच्याच रात्री उचललं, एका रात्रीत दोन हिरे, आणि मग चार वर्षांनी हातातून घालवलं. एप्रिल २०२२ मध्ये डॉन्चिच जायबंदी असताना त्याने युटाविरुद्ध प्लेऑफच्या सामन्यात ४१ गुण केले. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सनी चार वर्षांसाठी सुमारे १०.४ कोटी डॉलर देऊन त्याला नेलं. याच निक्सनी २०१८ मध्ये नवव्या पाळीवर केव्हिन नॉक्स घेतला होता. २०२५ मध्ये ब्रन्सनच्या नेतृत्वाखाली ते पंचवीस वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले.

तर माझी यादी, २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंतचा हिशेब धरून. पहिला डॉन्चिच. हो, एमव्हीपी आणि अंगठी शाईकडे असूनही. ड्राफ्टच्या रात्री संघ जे विकत घेतो ती पहिली चार वर्षं, आणि त्या चार वर्षांत शाई एकदाही ऑल-स्टार नव्हता, डॉन्चिच तीनदा होता. दुसरा अर्थातच शाई. तिसरा ब्रन्सन. चौथ्या जागेसाठी जॅक्सन आणि यंग यांच्यात मी जॅक्सनकडे झुकतो, कारण २०२२-२३ चा सर्वोत्तम बचावपटू तो होता आणि असा माणूस कुठल्याही संघात बसतो. यंगभोवती संघ बांधावा लागतो. म्हणजे मेम्फिसने चौथ्या क्रमांकावर घेतलेला माणूस चौथ्याच क्रमांकावर राहिला. त्या रात्रीच्या बिनचूक निवडींपैकी ती एक म्हणायची. यंग पाचवा, मिकाल ब्रिजेस सहावा. सातवा मायकेल पोर्टर ज्युनिअर. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे तो चौदाव्यावर घसरला, डेन्व्हरने पहिलं वर्षभर त्याला कोर्टवर उतरवलंच नाही आणि २०२३ मध्ये त्यांना विजेतेपद मिळालं. एटन आठवा. बॅग्ली पहिल्या वीसांत नाही. ज्याला साठांपैकी एकाही पाळीवर कुणी घेतलं नाही तो डंकन रॉबिन्सन मात्र पहिल्या पंधरांत, आणि त्याबद्दल वाद घालायला मी तयार आहे.

मिकाल ब्रिजेसचा किस्सा राहिला. फिलाडेल्फियाने त्याला दहाव्या पाळीवर घेतलं. मुलगा तिथलाच, आई त्याच संघाच्या कंपनीत नोकरीला. कॅमेऱ्यासमोर मायलेकांचं कौतुक चालू असतानाच सौदा झाला आणि तो फीनिक्सचा झाला. बदल्यात आलेला झायर स्मिथ आधी पायाच्या हाडाने आणि मग एका भयंकर ॲलर्जीने आडवा झाला. एनबीएत एकूण तेरा सामने खेळला. हे कोणत्या अहवालात आधी लिहिलेलं असणार?

पुढच्या आठवड्यात २०२० चा ड्राफ्ट, करोनामुळे नोव्हेंबरपर्यंत लांबलेला. त्यात बाराव्या पाळीवर टायरीस हॅलिबर्टन घेणारा संघ होता सॅक्रामेंटो किंग्ज. त्यांनी त्याला दीड हंगामात इंडियानाला का दिलं, आणि तो व्यवहार वाटतो तितका वाईट का नव्हता, हे पाहू.