नव्या वास्तूची परीक्षा

जुने घर विकत घेणारा मनुष्य भिंतीवरची ओल न्याहाळतो, मान वर करून छतावर गळतीचे डाग शोधतो, शेजाऱ्यापाशी आडून आडून चौकशी करतो; पण तोच मनुष्य नवा फ्लॅट घ्यावयाचा झाला, की रंगाच्या ताज्या वासानेच निःशंक होतो आणि किल्ल्या हाती पडण्यापूर्वीच वास्तुशांतीचा मुहूर्त पाहू लागतो. वस्तुतः शंका घ्यावयाची तर ती नव्या घराचीच अधिक घ्यावयास हवी. जुन्या घराने पुष्कळ पावसाळे अंगावर घेतलेले असतात आणि आपले बहुतेक दोष त्याने केव्हाच चव्हाट्यावर मांडलेले असतात. नव्या घराच्या भिंतींत काय दडले आहे, ते मात्र पुट्टीच्या पडद्याआड असते.

या निर्धास्तपणाच्या मुळाशी अशी एक समजूत आहे, की ज्या इमारतीस महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र दिले, जिच्यावर बँकेने कर्ज मंजूर केले आणि जी महारेराच्या दप्तरी नोंदली गेली, तिची परीक्षा तीनदा होऊन चुकली. आता चौथी कशाला? परंतु या तिन्ही ठिकाणी पाहिले जाते ते निराळेच. भोगवटा प्रमाणपत्र इमारत मंजूर नकाशाबरहुकूम उठली आणि राहण्यास योग्य आहे एवढे सांगते. बँकेचा मूल्यांकनकार बँकेच्या तारणाची किंमत ठरवून जातो. आणि महारेराच्या नोंदणीत जमिनीचा हक्क, परवानग्या, ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याची हमी असल्या बाबी येतात. तुमच्या न्हाणीघराचा उतार कोणत्या दिशेस आहे, हे पाहणे यांपैकी कोणाच्याच कर्तव्यात बसत नाही.

कायदा ग्राहकाच्या पाठीशी आहे, यात संदेह नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष उघड करण्याचे बंधन घालते. पण, करारात निराळे ठरले नसेल तर, तेही खरेदीदारास ठाऊक नसलेल्या आणि साधारण दक्षतेने ध्यानात येऊ न शकणाऱ्या दोषापुरतेच. म्हणजे डोळ्यांसमोर असलेला दोष पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने पुढचे पाऊल टाकले. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत रचनेचा, कारागिरीचा, दर्जाचा अथवा सेवांचा दोष विकासकाच्या नजरेस आणल्यास त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, नपेक्षा ग्राहकास नुकसानभरपाई मिळावी, असे कलम १४ सांगते. तथापि दोन वर्षांनी फरशी उठली, की ती बसवणाऱ्याचा दोष की वापरणाऱ्याचा, असा कज्जा उभा राहतो, आणि तेव्हा पहिल्या दिवशीचा लेखी अहवाल जवळ असणे व नसणे यांत मोठे अंतर पडते.

हा अहवाल ज्या तपासणीतून हाती येतो, ती कशी होते? स्थापत्य अभियंता ओळंबा, पाणसळ, गुण्या ही गवंड्याचीच जुनी हत्यारे घेऊन येतो; त्यांच्या जोडीला ओल मोजणारे यंत्र आणि उष्णतेचा फरक दाखवणारा कॅमेरा असतो. फरशीवर दांडीने ठोकत तो खोलीभर हिंडतो, आणि जेथे आवाज पोकळ येतो तेथे खडूने खूण करतो, कारण तेथे खाली माल नीट भरलेला नसतो. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. तुळई किंवा खांब यांवरून तिरपी गेलेली भेग मात्र गंभीर विचार करावयास लावते. पण त्याचा खरा वेळ जातो तो न्हाणीघरात. जाळी बंद करून तेथे पाणी तुंबवून ठेवावयाचे, निदान २४ तास, आणि मग खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहावयाचे. कारण वरच्या घरातील निष्काळजीपणा उमटतो तो खालच्याच्या डोक्यावर, आणि गृहनिर्माण संस्थांतील निम्मी भांडणे, माझ्या मते, याच ओलीतून उगवतात. जाळी मोकळी केल्यावर पाणी तिच्याकडे आपसूक वाहते की कोपऱ्यात साचते, तेही पाहावयाचे. खिडकीच्या खालच्या दगडाचा उतार बाहेरच्या बाजूस नसेल, तर कोकणच्या पावसात तो पाणी घरात आणल्यावाचून राहत नाही. विजेचे अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे बटण यांची चाचणी थोडक्यात आटोपते. चटई क्षेत्र मात्र टेपाने मोजून घ्यावे: त्यात अंतर्गत भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, सज्जा व गच्ची धरत नाहीत. महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात फरकाची मर्यादा ३ टक्के आहे.

या व्यवसायास आपल्याकडे अद्याप स्वतंत्र सनद नाही, त्यामुळे माणूस पारखूनच नेमावा: पदवीधर अभियंता असावा, छायाचित्रांसह लेखी अहवाल देणारा असावा, आणि मुख्य म्हणजे दुरुस्तीचा ठेका स्वतःच मागणारा नसावा, कारण दोष दाखवण्यात ज्याचा धंदा आहे त्याला दोष फार दिसतात. विकासकाने सुचवलेला तर मुळीच घेऊ नये. तपासणीचे शुल्क घराच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असते, आणि मुद्रांक शुल्कावर लाखो रुपये निमूटपणे मोजणाऱ्याने येथे हात आखडता घ्यावा, हे मला चमत्कारिक वाटते.

अनेक विकासक ताबापत्राचा छापील नमुना पुढे करतात, आणि त्यात ग्राहकाने सर्व पाहून समाधान झाल्याचे एक वाक्य असते. तपासणी त्या सहीच्या अगोदर व्हावी, हे या सर्व खटाटोपातले मर्म आहे. किल्ली आधी घ्या, तपासणी मागाहून करा, असा आग्रह झाला तर दोषांची यादी लेखी देऊन तिची तारखेसह पोहोच घ्यावी, आणि ताबापत्रावर, यादीतील दुरुस्त्यांच्या अधीन राहून ताबा घेत आहे, असे स्वहस्ते लिहूनच सही करावी.