ट्रॅकडी: छोटा सर्व्हर, सताड दार

कामांच्या नोंदी, चुकांच्या तक्रारी आणि विकी एकत्र ठेवणाऱ्या ‘ट्रॅक’सोबत ‘ट्रॅकडी’ हा चिमुकला वेब सर्व्हर येतो. अपाची बसवण्याचा खटाटोप नको. पोर्ट, समजा ८०००, आणि प्रकल्पाचं फोल्डर सांगितलं की झालं. छोट्या चमूला एवढं पुष्कळ.

गोम पुढे आहे. वेगळं सांगितलं नाही, तर तो संगणकाच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकत बसतो. म्हणून त्याला १२७.०.०.१ या घरच्या पत्त्याशी बांधा. लॉगिनच्या डायजेस्ट पद्धतीत पासवर्ड उघडा जात नाही; साध्या एचटीटीपीवर बाकी मजकूर मात्र जातोच. एचटीटीपीएसचं काम त्याच्यापुढे उभ्या केलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर सोपवावं. आणि हो, तो रूट या सर्वाधिकारी खात्यातून चालवू नका. साधं, वेगळं खातं पुरतं.