मातीचा बैल उभा कसा राहतो?

कागदावर बैल काढताना तो पडेल अशी भीती तुम्हांला कधी वाटते काय? चित्रातला बैल एका पायावर नाचला तरी चालतो, कारण चित्राला लांबी आणि रुंदी असते, वजनाची अडचण नसते. पोळ्याच्या मातीच्या बैलाचे तसे नाही. तिसरी मिती आली की तिच्याबरोबर वजन येते, आणि वजनाबरोबर पदार्थविज्ञानाचे नियमही येतात. शिल्पकाराला ते पाळावेच लागतात. कसे, ते प्रयोगानेच पाहू.

जालना जिल्ह्यात गोदावरीकाठी वसलेल्या शहागडसारख्या गावात काळ्या मातीला तोटा नाही. मात्र ही माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसून तडकते. म्हणून ती चाळून घ्या, तीत थोडी बारीक वाळू मिसळा, चांगली मळा आणि तयार झालेला बैल सावलीत वाळू द्या.

प्रयोग पहिला : बैलाच्या प्रत्येक पायाखाली एकेक सारखी आगपेटी ठेवा. भोवती जुन्या कापडाची घडी पसरा. आता मागच्या एका पायाखालची पेटी अलगद काढा. डोके आणि वशिंड जड असेल तर बैल तीन पायांवर उभा राहील. ती पेटी पुन्हा जागेवर ठेवून पुढच्या एका पायाखालची काढा. बैल कलंडेल! असे का व्हावे? वस्तूच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा टेकलेल्या पायांमधील क्षेत्रात पडला, तरच वस्तू उभी राहते. आपल्या बैलाचा गुरुत्वमध्य पुढच्या बाजूला आहे. पुढचा पाय निघाला की ओळंबा उरलेल्या त्रिकोणाबाहेर जातो. आता दुसरा बैल करताना त्याची मान टेकलेल्या पायाच्या बाजूला वळवून पाहा. मान वळली की बैल ऐटदारही दिसतो. येथे सौंदर्य आणि तोल हातात हात घालून चालतात.

प्रयोग दुसरा : त्याच आकाराचा, पण प्रत्येक माप दुप्पट असलेला बैल करा. उंची दुप्पट, लांबी दुप्पट, जाडी दुप्पट; म्हणजे वजन २ × २ × २ = ८ पट. पायाचा छेद मात्र २ × २ = ४ पटच. पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आता दुप्पट भार पडतो. ओल्या मातीचे पाय वाकतात ते यामुळे. भार पूर्वीइतकाच ठेवायचा तर पायाची जाडी दुपटीऐवजी सुमारे २.८ पट हवी. मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच रीतीने समजावले. दुसरा उपाय म्हणजे पायांत काटक्यांचा सांगाडा घालणे आणि पोट पोकळ ठेवणे.

स्पेनमधील माद्रिद शहरात राजा चौथा फिलिप याचा १६४० साली पूर्ण झालेला ब्राँझचा पुतळा आहे. त्यातला घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. पिएत्रो ताक्का या शिल्पकाराने त्याचे शेपूटही हळूच खाली टेकवले आहे. वजन मागे अधिक आणि पुढे कमी ठेवण्याची युक्ती गॅलिलिओनेच सुचवली, असे परंपरेने सांगतात.

दगडाची गोष्ट आणखी निराळी. मातीत आपण भर घालत जातो, दगडात काढत जातो. अधिक निघाले तर पुन्हा चिकटवता येत नाही. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात अखंड खडकातून वरून खाली असे कोरले गेले. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसत नाही. म्हणून पुढे आलेले नाजूक भाग लवकर तुटतात.

शाळेची सहल वेरूळला गेली, तर कैलासाच्या प्रांगणातल्या दगडी हत्तीभोवती पूर्ण फेरी मारा. त्याचे पाय किती जाड आहेत आणि कोणता भाग तुटला आहे, याची नोंद वहीत करा. का तुटला, ते मात्र स्वतः शोधा. तोवर यंदाच्या पोळ्याला एक पाय उचललेला बैल करून पाहा!